गाण्यातला एक ण

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या सोमवारी, एका गाण्यातला एक शब्द बदलण्यात आला. 'मनी' होतं, तिथे 'मणी' झालं. बदल मी केला, लाल शाईने, पुस्तकाच्या शेवटच्या प्रुफावर. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी तो शब्द चुकीचा छापणाराही मीच होतो.

गाणं वसईत बहुतेकांना येतं. दोन गिटारी आणि एक आवाज, दुसरं काही नाही. कॅसेट निघाली तेव्हा ते तिच्या दुसऱ्या बाजूला शेवटी होतं. आता त्या कॅसेटमधलं तेवढंच लोकांना आठवतं. लग्नाच्या रिसेप्शनला नवरानवरी पहिल्यांदा नाचायला उभी राहतात तेव्हा ते हमखास वाजतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये वाजतं. विरारला चंदनसारच्या आमच्या सोसायटीत, जिथे गाणाऱ्याचं गाव सांडोर कुठे आहे हे निम्म्या लोकांना माहीत नाही, तिथेही गणपतीत एका मुलीने ते म्हटलं होतं. सगळे त्याला प्रेमाचं गाणं म्हणतात. धृपद असं आहे:

सगळं गेलं पाण्यासंगे, एक राहिला मनी
गाठीमधी बांधला त्याला, ना पाहिला कोणी

हे धृपद मी छापलं तसं आहे. गाणाऱ्याच्या वहीत ते असं नव्हतं.

त्या काळी मी मुंबईच्या एका दैनिकात डेस्कवर होतो. देशावरून येऊन दोन वर्षं झाली होती. वसईत एका खोलीत भाड्याने राहत होतो. रविवारच्या पुरवणीला पाऊण पान कमी पडत होतं आणि पुरवणी बघणाऱ्याने विचारलं, तुमच्याकडे कोणी गाणारा पोरगा आहे म्हणतात, त्याच्यावर काही होईल का. मी शनिवारी सांडोरला सायकलने गेलो. पोरगा अठ्ठावीस वर्षांचा होता, वडलांची केळीची बाग बघत होता. तो बागेत पाटाच्या कडेला बसून बोलला आणि मी टिपून घेतलं. ती वही माझ्याकडे अजून आहे. खालची माहिती तिच्यातली आहे.

गिटार मामाची होती. मामा बोटीवर होता, बंदरोबंदरी जेवणाच्या वेळी वाजवायचा. नोकरी सुटली तेव्हा गिटार बहिणीच्या घरी टाकून गेला. तिची सगळ्यात जाड तार तुटलेली होती. तशी तार वसईत मिळत नव्हती, आणि मुंबईहून आणायची कोणाला सवड नव्हती. पोरगा पाच तारांवर शिकला. गाण्याच्या चालीत खालचा जाड सूर येत नाही, ती हलकी वाटते, याचं कारण ते. कॅसेटच्या वेळी नवी गिटार होती, सहा तारांची. तरी त्याने सहावीला हात लावला नाही.

स्वर त्याला चर्चच्या गायकवृंदात कळले. एका म्हाताऱ्या फादरांनी सहा मुलांना कागदावर सूर वाचायला शिकवलं होतं, त्यातला तो एक. घरी रेडिओ होता, त्यावर इंग्लिश गाणी लागायची. शब्द समजत नव्हते, पण एकटा माणूस गिटार घेऊन बसला आणि कुणाला तरी हळू सांगितल्यासारखं गायला, तर तेही गाणं होतं, हे त्याला त्या रेडिओने सांगितलं. आणि चौथी गोष्ट आई. आई खाडीकडच्या मिठागराच्या गावची. लग्न होऊन सांडोरला बागायतीत आली. माहेरी ती मीठ ओढायची. लाकडी फावड्याने ओढायचं, थांबायचं, परत ओढायचं. ती बागेत पाणी लावतानाही त्याच ठेक्यात गुणगुणायची. पोरगा म्हणाला होता, "हात मामाचा हाय, ठेका आईचा."

माझ्या वहीत हे शब्द आहेत. छापलेल्या लेखात नाहीत. लेख अकरा ओळींनी लांब झाला होता. मी मिठागराचा परिच्छेद काढला.

मग धृपद. त्याच्या वहीत सगळे ण न होते. आईच्या माहेरी ण नव्हताच. पाणी नाही, पानी. कोणी नाही, कोनी. पोरगा आईसारखं बोलायचा आणि बोलायचा तसं लिहायचा. मी डेस्कवर होतो, तिथे असली अक्षरं दिसली की हात आपोआप चालतो. पूर्ण गाण्यात मी सात ठिकाणी न चा ण केला. आठव्या ठिकाणी केला नाही, कारण 'मनी' हा शब्द मराठीत आहे. मनी, म्हणजे मनात. शुद्ध होता, कवितेतला होता. मी पुढे गेलो.

त्याने यमक तुटलं. 'मनी'ला 'कोणी' जुळत नाही. 'मणी'ला जुळतं. हे माझ्या लक्षात आलं नाही, पुरवणी बघणाऱ्याच्या आलं नाही, आणि नंतर इतकी वर्षं गाणाऱ्या कोणाच्याही आलं नाही.

आणखी एक गोष्ट मी केली. त्याला मी विचारलं होतं, गाणं कोणासाठी लिहिलं. तो म्हणाला, आईचं गानं हाय. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. लेखात लिहिलं की कवीच्या आईच्या तरुणपणीची एक हुरहूर या गाण्यात उतरली आहे. या वाक्याला आधार नव्हता. ते वाचायला बरं वाटत होतं.

लेख रविवारी आला. आठवड्याभरात एका माणसाने कॅसेट काढायची तयारी दाखवली.

पुढे मी दैनिकं बदलली, विरारला घर घेतलं, निवृत्त झालो. गेल्या वर्षी वसईतल्या काही मंडळींनी इकडच्या गाण्यांचं पुस्तक काढायचं ठरवलं. प्रुफं वाचायला माणूस हवा होता. मी होय म्हणालो. ऑक्टोबरात एका दुपारी फोन आला. पलीकडे एक बाई होत्या. गाणं लिहिणाऱ्याची थोरली बहीण, मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांचं वय तेव्हा शहात्तर होतं.

"पुस्तकात आमचं गाणं आहे ना?"

"आहे."

"त्यात मनी छापणार की मणी?"

मी म्हणालो, प्रसिद्ध आहे तसंच छापणार.

"प्रसिद्ध तुम्ही केलंत," बाई म्हणाल्या. "पस्तीस वर्षं मी खाडीकडच्या पोरांना न आणि ण शिकवला. जीभ वर लावा, वर लावा म्हणून घसा बसला माझा. आणि आमच्या घरातला एक ण तुमच्या पेपरात पडला तो पडलाच."

मी भेटायला येतो म्हणालो. तब्येत बरी नव्हती, जायला तीन आठवडे लागले.

बाई भावाच्या शेजारीच राहतात. त्यांनी सांगितलं ते असं. आईच्या लग्नाच्या आदल्या वर्षी उधाणात मिठागराचा बांध फुटला. झोपडी गेली, भांडीकुंडी गेली, आणि बाईंची आजी, म्हणजे आईची आई, त्या पाण्यात गेली. पाणी उतरल्यावर चिखलात आजीच्या माळेतला एक मणी सापडला. काळा, लाकडी. माळ सापडली नाही. आईने तो मणी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला आणि तशीच सांडोरला सून म्हणून आली. संध्याकाळी घरात रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, व्हायची तेव्हा सगळ्यांच्या हातात माळा असत. आईच्या हातात गाठ असे.

या उधाणाची नोंद मला कुठे मिळाली नाही. दोन ठिकाणी विचारलं.

"आम्हा पोरांना ठाऊक होतं," बाई म्हणाल्या. "भावाने त्यावर गाणं केलं. मग तुमचा लेख आला. हुरहूर. आमच्या घरात पाच जावा. एकीने पेपर वाचून दाखवला. त्या दिवसापासून आईला नाव पडलं. पाणी भरायला गेली की, काय गं, आज कोण मनी? चर्चमध्ये मिस्साला जाताना की, मिठागरावरून कोणी आला होता वाटतं. वडील काही बोलले नाहीत. पण त्यांनी ते गाणं घरात लावू दिलं नाही. कधीच."

"आईंनी सांगितलं नाही? मणी आहे म्हणून?"

"ती मनीच म्हणायची ना! तिच्या तोंडात मणी पण मनी आणि मनात पण मनी. जितकं सांगायला जायची तितक्या त्या हसायच्या. मग तिने सोडून दिलं."

आई पंधरा वर्षांपूर्वी वारली. मणी तिच्या हातात ठेवून पेटी बंद केली. हे बाईंनी सांगितलं, आणि नंतर भावानेही सांगितलं.

बाईंना एवढंच हवं होतं की छापील पुस्तकात आईच्या नावावर हा डाग राहू नये. डाग हा शब्द त्यांचा.

मी पुस्तकाच्या समितीतल्या तरुण संपादकाला फोन केला. तो म्हणाला, "सर, लिरिक्स तर फिक्स आहेत ना? नेटवर पण सगळीकडे मनीच आहे. लोक बोलतील प्रूफरीडिंगमध्ये गडबड झाली."

"गडबड आधी झालीय."

"मग लिहिणाऱ्यांचं लेटर आणा ना, सर. ते बोलले तर लगेच चेंज करू."

हे रास्त होतं. शब्द ज्याचा त्याने सांगायला हवं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी परत सांडोरला गेलो. बाईही आल्या.

भाऊ ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. बाग आता अर्धी राहिली आहे. उरलेल्या अर्ध्यात केळी कमी आणि भाजी जास्त. बोटं वाकडी झाली आहेत, गिटार धरता येत नाही. मला त्याने लगेच ओळखलं.

"या, पत्रकार. परत पान कमी पडलं काय?"

मी हसलो. तो हसला नाही. बाईंनी सरळ विषय काढला. त्याने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा मांजराला हाकललं.

"काय फरक पडतो, बाय? लोक गातात ना? गाऊ दे."

"फरक पडत नाही तर मणी छाप म्हण."

"मणी छापलं तर ते मयताचं गानं होईल. लग्नात कोन गाईल? बुडालेल्या बाईच्या माळेवर कोन नाचनार?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मला त्या गान्याचा कंटाळा आलाय, खरं सांगतो. जिथे जाईल तिथे तेच. दुसरी चाळीस गानी केली, एक कोनाला आठवत नाय. पन हे एक तरी आहे. ते पन काढून घ्यायचं?"

त्याच्या तोंडून 'मणी' चक्क ण लावून आलं होतं. तो ण बहिणीच्या शाळेचा असावा.

"मी तुम्हाला तेव्हा विचारायला हवं होतं," मी म्हणालो.

"मी पन सांगायला हवं होतं. लेख वाचला तेव्हा कळलं ना मला. सायकलवर टांग मारून स्टेशनपर्यंत आलो होतो, तुमच्या हापिसात यायला. मग परत आलो."

"का?"

"आईने सांगितलं, राहू दे."

"कशासाठी राहू दे म्हणाली?" बाईंनी विचारलं.

त्याने बागेकडे मान वळवली. बाई थांबल्या नाहीत. आवाज चढवला नाही, वर्गात उत्तर येईपर्यंत उभं करतात तसं विचारलं. "सांग ना. मी तिथेच होते. भाकऱ्या करत होते. काय म्हणाली?"

"गानं चाललंय ना पोराचं, म्हनाली. चालू दे."

"कॅसेटवाला कधी आला?"

"त्याच आठवड्यात."

"आणि मग किती वर्षं ती चालू दे म्हणत बसली?"

आतून त्याच्या सुनेने चहा आणला. त्याने बशीत ओतून प्यायला, कप खाली ठेवला आणि मला म्हणाला, "चुकवलं तुम्ही, तुम्हीच निस्तरा. मी कागदबिगद देनार नाय. माझं नाव सांगा त्या पोराला, हो म्हनाला म्हनून."

मी समितीला तसं कळवलं. संपादक म्हणाला, ओके सर. शेवटचं प्रूफ आलं तेव्हा 'मनी' खोडून 'मणी' केलं, 'पाण्यासंगे' आणि 'कोणी' तसेच ठेवले. खाली दोन ओळींची टीप दिली. हा शब्द पूर्वी चुकीचा छापला गेला होता, गाण्यातला मणी कवीच्या आजीच्या माळेतला आहे. चूक कोणाची ते टिपेत नव्हतं. मी माझं नाव लिहून दिलं होतं. जागेअभावी ते निघालं, असं मला नंतर सांगण्यात आलं.

पुस्तक जानेवारीत आलं. प्रकाशनाला शाळेच्या मुलांनी गाणं म्हटलं. त्यांनी मनीच म्हटलं. बाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

फेब्रुवारीत त्यांचा परत फोन आला. वसईच्या होळी भागात यायचं का, म्हणाल्या. काकींकडे जायचं होतं.

त्या पाच जावांपैकी ह्या काकी तेवढ्या उरल्या आहेत. वडलांच्या धाकट्या भावाची बायको. नव्वदी ओलांडून दोन वर्षं झाली. तिथे लेकीकडे असतात. त्यांना वाचता येत नाही आणि ऐकू कमी येतं. बाईंना पान त्यांच्यासमोर वाचून दाखवायचं होतं, आणि ते मी वाचावं असं त्यांचं म्हणणं होतं, कारण पेपरात मी लिहिलं होतं.

दुपारी चार वाजता आम्ही पोचलो. काकी पडवीत खाटेवर बसल्या होत्या. समोर लेकीने वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या होत्या. बाईंनी पाया पडून शेजारी बसून घेतलं, पुस्तक उघडून माझ्याकडे दिलं. मी धृपद मोठ्याने वाचलं, मग टीप वाचली. काकींनी परत वाचायला सांगितलं. मी परत वाचलं, मणी शब्दावर थांबून.

"मणी, काकी," बाई त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाल्या. "माळेचा मणी. मनात कोणी नव्हता. आईच्या मनात कोणी नव्हता."

काकींनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून मध्ये वाटाण्याएवढी फट ठेवली.

"मनी. हा एवढा. काळा. पदराच्या गाठीत असायचा."

बाईंनी माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगो, मी बी त्याच मिठागरावरची. तुझी आई न् मी, आमचे बांध शेजारी. तुझी आजी गेली ना पान्यात, तवा मी बारा वर्षांची होते. मनी सापडला तो आम्हा पोरींनाच. चिखलातून."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही? बाकीच्यांना?"

काकींना ऐकू आलं नाही. त्यांच्या लेकीने शेंगा बाजूला ठेवून प्रश्न पुन्हा ओरडून सांगितला. काकींनी थोडा विचार केला.

"चेष्टा होती ती," त्या म्हणाल्या. "आम्ही जावा जावा. पानी भरता भरता हसायचं काय तरी. पाच जनींत मी धाकटी, सगळ्या हसायच्या तर मी पन हसायचे. ती पन हसायची की, तुझी आई."

"ती नाही हसायची, काकी."

"हसायची गो. पदर तोंडाला लावायची."

लेकीने चहा घेणार का विचारलं. बाई नको म्हणाल्या. काकींनी पुस्तक हातात घेतलं, त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, ह्यात माझं नाव आहे का. मी नाही म्हणालो. त्यांनी ते बाईंना परत दिलं.

आम्ही पावणेपाचला निघालो. नाक्यावर रिक्षा मिळायला वेळ लागला. बाई पूर्ण वेळ उभ्या होत्या. सांडोरला उतरताना त्यांनी मला विचारलं, आई पदर तोंडाला लावायची तेव्हा गाठ त्याच टोकाला असायची का, हे मला माहीत आहे का. मी म्हणालो, मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, त्याच टोकाला असायची.